काठावरचं कडं

रेजी, आज सकाळी तो बिननंबरी मणका पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पुन्हा तेच झालं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काठाला एक फिकट कडं दिसलं. डोळे धुऊन पाहिलं तर नव्हतं. चहा घेऊन आले, परत बसले, तर होतं. तू शेजारच्या स्टुलावर असतीस तर कोपराने ढकलून म्हणाली असतीस, "दगडाबाई, दिसतंय की दिसावंसं वाटतंय?" हा प्रश्न तू मला इतक्यांदा विचारलास की शेवटी शेवटी मला त्याचा राग यायचा. आता विचारायला कोणी नाही, म्हणून मी स्वतःलाच विचारते आणि मला उत्तर येत नाही.

मला सध्या कशाचंच उत्तर येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुला डेंग्यू झाला, ताप चढला, तुझ्या भावाने, रॉनीने, तुला बोटीतून बोरिवलीला आणून दवाखान्यात ठेवलं आणि मग ताप उतरला. मी नाहूरला घरी होते. ताप उतरल्याचा रॉनीचा फोन आला तेव्हा मी देवाला नमस्कार केला आणि कुकर लावला. ताप उतरला की माणूस बरं होतं, एवढंच मला जन्मभर माहीत. या तापात उतरल्यावरच जास्त सांभाळावं लागतं, हे मला तू गेल्यावर डॉक्टरांनी समजावलं, अगदी शांतपणे, खुर्चीवर बसवून. मी मान डोलावली. कळलं काही नाही. अजून कळलेलं नाही. ज्या फोनवर मी निवांत झाले तो निवांत होण्याचा फोन नव्हता, हे डोक्यात शिरतच नाही यार.

हे छापून येणार आहे, तेव्हा तुझ्या तोंडावर तुझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. रागावू नकोस. तू गोराईच्या ख्रिस्ती कोळ्यांची पोर, मुशींवर काम करायचीस. मुशी म्हणजे शार्क. आमच्या मालवणी घरात तिला मोरी म्हणतात आणि तिची आमटी करतात, यापलीकडे मला जिवंत शार्कची काही माहिती नव्हती. मी मुलुंडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवते. माझे शार्क म्हणजे कच्छच्या उन्हात खडकातून उकरून काढलेले, मेल्याला कैक लाख वर्षं झालेले. त्यांचे दात मिळतात, नशीब जोरावर असेल तर एखादा मणका. तू म्हणायचीस, "तुझे मासे बरे, उलटून बोलत नाहीत." मी म्हणायचे, तुझे मासे निदान वास तरी मारतात, माझ्याशी कोणी तेवढंही बोलत नाही.

आपली गाठ अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेत पडली. औद्योगिक वसाहतीतल्या इमारतीचा मधला मजला, खाली दिवसभर पत्रा कापायचा आवाज. मला माझ्या दगडी मणक्याचे पातळ काप करायचे होते आणि हिऱ्याच्या पात्याची करवत तुझ्याकडे होती. तू माझा मणका हातात घेतलास, जोखलास आणि विचारलंस, "हिचं वय काढायचंय? मग दुसरी वाचणारी कोण?" मी म्हटलं, मीच वाचणार. तू असं काही पाहिलंस माझ्याकडे की जणू मी एकटीने लग्न लावायला निघालेय.

मग तू मला तुझी रीत सांगितलीस. शार्कला हाडं नसतात, सगळं कूर्चेचं, पण मणक्यात चुना साठत जातो आणि वाढीबरोबर त्यात कडी उमटतात, एक गडद, एक फिकट, झाडाच्या खोडात असतात तशी. कडी मोजली की वय कळतं. फक्त मोजायला दोघी लागतात. कापावर नुसता नंबर. मासा किती लांब, कुठल्या महिन्यात सापडला, काही ठाऊक करून घ्यायचं नाही. दोघींनी वेगवेगळ्या वेळी मोजायचं आणि एकमेकींना अवाक्षर सांगायचं नाही. आकडा जुळला तर पक्का. नाही जुळला तर तिसरी बैठक, दोघींनी एकत्र बसून. तिथेही नाही जुळला तर तो मणका बाद. एकटीने मोजलेला आकडा तू आकडाच मानायची नाहीस. मला तेव्हा हा सगळा सोवळ्याचा प्रकार वाटला.

तरी बसले. पहिल्याच आठवड्यात तू माझी फजिती केलीस. माझ्या ट्रेमध्ये एकाच मणक्याचा काप दोन वेगवेगळ्या नंबरांनी सरकवलास आणि मी त्याची दोन वेगवेगळी वयं सांगितली, तीही छातीठोकपणे. तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवलंस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग तूच पवईला तलावाकाठी कणीस खायला नेलंस आणि सांगितलंस की तुझ्या गुरूंनी तुलाही असंच पकडलं होतं आणि तू तर रडली होतीस. तिथून पुढे मी तुझी दुसरी वाचणारी झाले, तू माझी. माझे दगडाचे मासे तू वाचायचीस, तुझे ताजे मी. इतकी वर्षं आपण एका टेबलावर बसून एकमेकींपासून आकडे लपवत आलो. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हे काय, पत्ते खेळता का तिकडे?

आणि भांडलो. काय भांडलो गं आपण! तेही एका कड्यावरून.

भांडण काठाचं होतं. मणक्याच्या अगदी बाहेरच्या काठाला शेवटचं कडं असतं, ते बहुतेक वेळा अर्धवट असतं, कारण मासा वर्ष पुरं व्हायच्या आधीच जाळ्यात आलेला असतो. ते मोजायचं की नाही? मी म्हणायचे, नाही. पुरं झालं नाही ते कडंच नव्हे. तू म्हणायचीस, सुरू झालं ना, जगली ना ती तेवढं, मग मोजायचं. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या बैठकीपर्यंत तू तुझं सोडलं नाहीस, मी माझं.

माझी बाजू तुला पुरती पटली नाही तरी कळली होती, असं मला वाटतं. माझ्या माशांचा काठ कधी धड नसतो. समुद्राने घासलेला, वाळूने झिजवलेला, कधी माझ्याच छिन्नीने उडालेला. काठाला जे दिसतं ते कडं आहे की झीज आहे, हे सांगायला कोणी उरलेलं नाही. म्हणून मला माझ्या विद्यार्थिदशेपासून एकच शिकवलंय की काठावर विश्वास ठेवू नकोस. तुझं उलट. तुझी मुशी पहाटे बोटीतून उतरायची, तू ती स्वतः हातात धरायचीस, कापायचीस. "काठ ताजा आहे गं," तू म्हणायचीस, "मी समोर उभी होते. साक्षीदार आहे मी. मग का नाही धरायचा?" मी म्हणायचे, मोजताना महिनाबिहिना विसरायचा, हा तुझाच नियम, आणि साक्षीदार मात्र व्हायचं. तू म्हणायचीस, जा, चहा सांग.

मग तो नाताळ आला. तुमच्या घरच्या अंगणात तू मुशी कापायला बसली होतीस. पाठीचा तुकडा मणक्यांसाठी, बाकीचं मांस स्वयंपाकघरात, ही तुमच्या घरची ठरलेली वाटणी. प्लॅस्टिकच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या म्हणून तू प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलीस. आन्टीने, तुझ्या आईने, भलतंच ताट उचललं. जेवायला मैद्याचे तळलेले फुगे आणि मुशीचं कालवण, बॉटल मसाल्याचा लालभडक रस्सा. मी बोटं चाटत होते आणि दाताखाली दोरा आला. ओढला तर कागद. नंबर पार धुऊन निघालेला. तू माझ्या ताटात बघत राहिलीस. मला वाटलं आता आईवर ओरडणार. तू उठलीस, पातेल्यात डाव घालून चाळलंस आणि तो शिजलेला मणका शोधून काढलास. आन्टीचं एकच म्हणणं, नीट शिजलाय ना गो?

तोच हा बिननंबरी. त्याला नंबर नाही, महिना नाही, कुठली बोट, कुठलं पाणी, काही नाही. मी तुला म्हटलं, बघ, आता तुझा पण मासा माझ्यासारखा झाला, साक्षीदार मेला. तू म्हणालीस, साक्षीदार मेला नाही, विसरलाय फक्त. आपण तो कापला, मोजला, आणि अर्थातच एका कड्याने आकडा जुळला नाही. नियमाने तिसऱ्या बैठकीनंतर तो बाद करायला हवा होता. आपण केला नाही. आइस्क्रीमच्या डब्यात टाकला आणि भांडायचा मूड आला की बाहेर काढायचो. एकदा तर तू मेट्रोत उभ्या उभ्या मला त्याचा फोटो दाखवत काठावर बोट ठेवून भांडत होतीस आणि शेजारची बाई विचारत होती, एक्सरे कुणाचा, काय झालंय पेशंटला?

देवमाशाचा दिवस आठवतो? तुझा सकाळी फोन. "देवमासा लागलाय किनाऱ्याला, जुने कपडे घालून ये." मी पोचले तोवर गोराईच्या वाळूत अर्धं गाव जमलेलं, वनखात्याची माणसं दोरी लावून उभी, पालिकेचा जेसीबी खड्डा खणायला तयार. वासाने माझी आतडी तोंडात आलेली आणि तू परवानगीचा कागद फडकवत पुढे. तुला त्याच्या कानातला मळ हवा होता. या जातीच्या देवमाशांच्या कानात मळाचं बूच तयार होतं आणि त्यातही वर्षावर्षाचे थर असतात, हे तू जेसीबीवाल्याला इतक्या प्रेमाने समजावलंस की तो इंजिन बंद करून ऐकत बसला. आपण दोघी खांद्यापर्यंत हातमोजे घालून त्या डोंगरात शिरलो. बूच निघालं, पण पार सडलेलं, साबुदाण्याच्या खिरीसारखं हातातून गळून गेलं. थर नाही, काही नाही. मी रडकुंडीला आलेले. तू पेन मागितलंस आणि नोंद केलीस, वाचता आलं नाही. आणि मजेत होतीस! मी चिडून विचारलं, एवढं करून मिळालं काय आपल्याला? तू म्हणालीस की निदान उगाच आकडा तरी ठोकून दिला नाही. आंघोळ करूनही वास गेला नाही, परत येताना बोरिवलीला एक रिक्षावाला आपल्याला घेईना. दुसऱ्याने घेतलं आणि मग वाटेत गप्प झाला. नाहूरला लिफ्टमध्ये मी शिरताच आतली माणसं बाहेर पडली.

त्या दिवशी तुमच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापेपर्यंत आपण त्या जुन्या मणक्यावर बसलो होतो. तुझ्या आजोबांनी कधीकाळी किनाऱ्यावरून उचलून आणलेला देवमाशाचा मणका, स्टुलाएवढा. तुमच्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक त्यावर बसून जाळी विणतात, लसूण सोलतात. तू मला त्याचं वरचं तोंड दाखवलंस. मोठ्या झालेल्या देवमाशाच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी हाडाची चकती पक्की चिकटलेली असते. याची चकती गळून गेलेली. म्हणजे ती चिकटलीच नव्हती. "हा अजून वाढत होता," तू म्हणालीस. मी त्यावर किती वेळा बसले असेन आणि दर वेळी मला एका मोठ्या जनावरावर बसल्यासारखं वाटायचं. त्या दिवसापासून जरा बेताने बसते.

आता माझी अडचण ऐक. तुझ्यामाझ्या सगळ्या मोजणीचा अहवाल जायचाय. तुला माहितीये तो कशासाठी आहे. मुशी एकदाही न विताच जाळ्यात येते का, हे त्यावरून ठरणार. तुझ्या पद्धतीने काठ धरला तर ती वयात यायला एक वर्ष जास्त घेते, आणि जिचं आयुष्यच थोडक्या वर्षांचं तिच्यासाठी एक वर्ष म्हणजे फार झालं. मग जाळ्याच्या आसाचे, म्हणजे भोकांच्या मापाचे, नियम कडक होतील आणि तुझेच चुलत भाऊ तुझ्या नावाने बोटं मोडतील. तुला ते ठाऊक होतं. तरी तू काठ सोडला नाहीस. उलट, घरचे रागावतील म्हणून तू एक कडं कमी मोजशील का, असं मी एकदा गमतीने विचारलं तेव्हा तू ते गमतीवारी घेतलं नाहीस. माझ्या पद्धतीने धरलं तर सगळं एका वर्षाने अलीकडे येतं, कोणाचं फारसं बिघडत नाही, फक्त मुशीचं बिघडत असेल तर.

जे आकडे जुळले ते जुळले. न जुळलेल्यांचा अख्खा डबा राहिलाय. त्यातल्या निम्म्यांची तिसरी बैठक व्हायचीच होती. तू बरी झालीस की बसू, असं आपण फोनवर म्हटलं होतं. तू गेल्यावर प्रयोगशाळेचे प्रमुख मला खोलीत बोलावून म्हणाले, वादाचे सगळे तुकडे रेजिनाच्या पद्धतीने धरून टाका, तिला तीच श्रद्धांजली होईल. चांगल्या मनाने म्हणाले. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, श्रद्धांजली म्हणून मुशीचं वय वाढवायचं का? आणि बाहेर येऊन जिन्यातच बसले. कारण खरं सांगू का, मलाही तेच हवं होतं. मी काप काचेखाली ठेवला की मला आता सगळीकडे तुझं कडं दिसतं. आधी दिसायचं नाही तिथेही दिसतं. तू बरोबर होतीस म्हणून दिसतंय की तू नाहीस म्हणून? तू जिवंत असताना मला तुझं पटलं असतं तर मी कबूल केलं असतं, हात टेकले असते, पार्टी दिली असती. आता पटतंय, तर त्या पटण्यावर माझाच विश्वास नाही. आणि तुझं न धरता माझंच रेटलं तर तू गेल्याचा फायदा घेतल्यासारखं होतं. काय करू? दुसऱ्या कुणाला वाचायला बसव म्हणतात. बसवेन. पण त्या माणसाला मी तुझ्याकडे झुकवणार नाही कशावरून?

तुझा राग येतो मला. भांडण अर्धं टाकून कोणी जातं का?

तुझ्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी तो डबा पर्समध्ये घालून आले. का आणला, मलाच माहीत नाही. तुझ्या थडग्याजवळ ठेवावा असं काहीतरी डोक्यात होतं, मग तिथे पोचल्यावर लाज वाटली. फुलं ठेवली. मिस्सेनंतर तुमच्या अंगणात चहा झाला, पाहुणे पांगले, आणि आन्टी, रॉनी आणि मी उरलो. मी नेहमीच्या सवयीने देवमाशाच्या मणक्यावर बसले.

रॉनीला त्याच दिवशी क्रूसावरच्या पाटीचा मजकूर द्यायचा होता. आन्टीला तारखा नको होत्या. तुझ्या बापाच्या पाटीवर नुसतं नाव आणि वय आहे, तसंच हवं होतं. रॉनी म्हणाला, सत्तेचाळीस. आधार कार्ड काढलं, हिशेब दाखवला, सत्तेचाळीस पूर्ण. आन्टीने कार्ड हाताने बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळली.

"तुमी दोगी मोजायच्या ना? तू सांग किती ते."

मी म्हटलं, तुमच्या मनात काय आहे आन्टी, तेच घालू.

"नाय. माझं मी आधी नाय सांगणार. तुमचा नियम हाय ना तसा? इतकी वर्षं ऐकत आली मी या अंगणात. तू तुझं सांग."

रेजी, मी तोंड उघडलं तेव्हा मला सत्तेचाळीस म्हणायचं होतं. शपथ. माझ्या नियमाने सत्तेचाळीसच होतं. पुरं झालं नाही ते कडं नव्हे, हे मी याच अंगणात तुला शंभरदा सुनावलेलं. पण मोजायला लागले आणि काठाशी आले, तर तिथे सगळं भरलेलं होतं. वाढदिवसाला तू केक न कापता कलिंगड कापलंस. मग चष्म्याचा नंबर वाढला आणि तू नवी फ्रेम लाल घेतलीस, मी हसले तर म्हणालीस की आता मासे तरी ओळखतील मला. मग माझ्या लेकीच्या परीक्षेच्या वेळी रोज संध्याकाळी तिला फोन करून जीवशास्त्र शिकवलंस. मग एप्रिलात तुझी करवत बिघडली आणि तू ती स्वतःच उघडून बसलीस आणि आणखी बिघडवलीस. मग पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा माझे कच्छचे दात धुवायला आलीस आणि एक हरवलास. अजून सापडलेला नाही तो. यातलं काहीच मी खडकातून उकरलेलं नव्हतं. ते झिजलेलं नव्हतं. मी समोर होते.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

रॉनी म्हणाला, अगं ताई, तूच तर तिच्याशी भांडायचीस की अर्धवट धरायचं नाही. मी म्हटलं, हो, भांडायचे. तो आईकडे बघायला लागला.

आन्टी चहाचे कप गोळा करत होती. कप खाली ठेवले, पदराने हात पुसले.

"माझंबी तेवढंच," ती म्हणाली. "लागलंवतं ना तिला अठ्ठेचाळीसावं. मग?"

रॉनीने आधार कार्ड खिशात घातलं आणि पाटीवाल्याला फोन लावला. आन्टी कप उचलून आत गेली, आणि आतून मला हाक मारून विचारलं की मोरीची आमटी करतेस ना घरी, मग थोडी मुशी घेऊन जा, फ्रीजमध्ये आहे. मी अंगणात बसून जरा रडले. मग आत जाऊन मुशी घेतली. मणका काढलेला होता का नव्हता, ते पाहिलं नाही.

मुशींचं मला अजून कळलेलं नाही. अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी देणार आहे, तुझा आणि माझा, आणि खाली लिहिणार आहे की एकमत झालं नाही. प्रमुख कुरकुरतील. कुरकुरू देत. तुझे चुलत भाऊ मला बोटीत चढू देणार नाहीत, तेही बघू. डब्यातले तुकडे बाद करत नाही, बिननंबरी तर नाहीच. काढत जाईन अधूनमधून, भांडेन एकटीच, दिसतंय की दिसावंसं वाटतंय ते विचारत बसेन. यात मी हरलेय असं समजू नकोस.

पण तुझ्यापुरतं सांगते. आन्टीने आणि मी वेगवेगळं मोजलं, एकमेकींना न सांगता, तुझ्या नियमाने, आणि आकडा जुळला. पाटी लागली आहे. तिसऱ्या बैठकीची गरज पडली नाही.